दुभाष्या मास्तर

जिथं पिकतं तिथं विकत नाही, ही म्हण मधुसूदन मास्तरांना इतकी चपखल बसायची की ती कुणीतरी त्यांच्याकडं बघूनच केली असावी. मास्तर औरंगाबादच्या एका हायस्कुलात ड्रॉइंग शिकवायचे, म्हणजे पोरांकडून फुलदाणी आणि पेरू काढून घ्यायचे. पण शनिवारची शाळा सुटली की रंगांची पेटी मोटारीच्या टपावर टाकून ते आपल्या गावी, देवगाव रंगारीला जायचे आणि रविवारभर गावाची चित्रं काढायचे. अशी पंधरा वर्षं गेली. निजामाच्या अमलात काढत होते, पोलीस ॲक्शन झाली त्या साली काढत होते, आणि आता जिल्हा मुंबई राज्यात गेला तरी काढतच होते. राज्यं बदलली, पण गिऱ्हाईक काही आलं नाही.

चित्रं शहरातल्या खोलीत पलंगाखाली रचून ठेवलेली असायची. त्यांची बायको उमा म्हणायची, "अख्खं देवगाव पलंगाखाली वसलंय. केर काढायचा म्हणजे मला वेशीतून केरसुणी न्यावी लागते." मास्तर हसायचे. हसण्याशिवाय दुसरं काय करणार?

अठ्ठावन्न सालच्या डिसेंबरात कलेक्टर कचेरीतून शाळेत कागद आला. रुमानिया नावाच्या देशातले एक मोठे चित्रकार सरकारी पाहुणे म्हणून येत आहेत. खेडी, शेतं आणि शेतकरी हाच त्यांचा विषय. महिनाभर ते जिल्ह्यात राहतील. त्यांच्यासोबत इंग्रजी जाणणारा, चित्रातलं कळणारा आणि खेड्यात वावरलेला माणूस हवा. हेडमास्तरांनी कागद वाचला आणि सरळ मधुसूदन मास्तरांच्या हातात दिला. मास्तरांना आनंद झाला, खोटं कशाला सांगा. आपली चित्रं बघायला शेवटी कुणीतरी जाणकार सातासमुद्रापलीकडून येतोय, असं त्यांनी मनाशी धरलं. पाहुण्याला कुठलं गाव दाखवायचं हे विचारलं तेव्हा मास्तर एका दमात म्हणाले, "देवगाव."

पाहुण्याचं नाव होतं इलिये बर्सान. पन्नाशीचा, लालबुंद तोंडाचा, भरघोस मिशांचा गडी. हात बघितले तर औत धरणाऱ्याचे. तो स्वतः डोंगरातल्या शेतकऱ्याच्या घरचा होता. तोडकंमोडकं इंग्रजी बोलायचा, ठेचा-भाकरी घाम पुसत पुसत खायचा आणि वर आणखी मागायचा. चावडीशेजारच्या खोलीत त्याची सोय केली होती. दुसऱ्याच दिवशी मास्तरांनी त्याला आपली चित्रं दाखवली. चाळीस चित्रं बाडात बांधून शहरातून मुद्दाम आणली होती. बर्सानसाहेबानं एकेक चित्र उजेडाकडं धरून बघितलं, घाई केली नाही, जांभई दिली नाही. शेवटचं खाली ठेवून तो म्हणाला, "हात चांगला आहे. सगळं बरोबर आहे."

बरोबर आहे! मास्तर स्वतः पोरांच्या पेरूवर हेच लिहायचे आणि दहापैकी सहा मार्क द्यायचे. त्या रात्री त्यांना जेवण गेलं नाही.

तरी ते एकवेळ गिळलं असतं. पण पुढं गावानं जे चालवलं, त्यानं मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला. पंधरा वर्षं हा माणूस गावात बसून चित्रं काढत होता, तर लोक म्हणायचे, "कुलकर्ण्याच्या मधूला काही कामधंदा नाय व्हय?" गाडी हाकताना त्याच्या अंगावर धुरळा उडवून जायचे. आता तेच लोक बर्सानसाहेबापुढं केस विंचरून उभे! कडूबानं तर बैलांची शिंगं तेल लावून आणली. "मास्तर, साहेबाला म्हणा, आमची बी जोडी घ्या. पोळ्यात पहिली येती." आणि मास्तरांनी ते इंग्रजीत करून सांगायचं. दुभाष्याचं कामच ते. स्वतःच्या लग्नात वाढप्याचं काम करावं तसं त्यांना होत होतं.

बरं, तो गोरा भोंदू निघाला असता तर मास्तर सुखी झाले असते. तसंही नव्हतं. वेशीजवळचा लिंब मास्तरांनी तीस वेळा काढला होता. साहेबानं एका सकाळी काढला आणि मास्तर बघत राहिले. तो लिंबच होता. त्याच्या सावलीत जाऊन बसावं असा. आपल्या तीस चित्रांत पानं मोजता येत होती, पण बसायला जागा नव्हती, हे मास्तरांना तिथं उभ्या उभ्या कळलं. ज्याला चित्रातलं काही कळत नाही त्याला असला हेवा वाटत नाही. मास्तरांना कळत होतं.

साहेब मात्र मोकळ्या मनाचा. आपल्या ट्यूबा मास्तरांपुढं टाकायचा, "घ्या, वापरा" म्हणायचा. मास्तर "नको" म्हणायचे. एखाद्यावर जळावं आणि त्यानं चांगलं वागावं, याच्यासारखा ताप नाही.

तिसऱ्या आठवड्यात दोघं सांडूच्या खळ्यावरून चालले होते. सांडूच्या म्हणजे आता वच्छलाबाईच्या. सांडू मास्तरांचा लहानपणचा जोडीदार. ॲक्शनच्या आधी निजामाविरुद्ध लढणाऱ्यांच्या सरहद्दीवरच्या कॅम्पात भाकरी पोचवायचा, एका पहाटे नाल्यात गोळी लागून गेला. वच्छलाबाई तेव्हा बावीस वर्षांची होती. निजाम हरला म्हणून दर सतरा सप्टेंबरला चावडीपुढं झेंडा लागला की तिला पुढं बसवायचे, नारळ आणि एक राखी रंगाचं लुगडं द्यायचे, आणि "हुतात्म्याची पत्नी" म्हणून टाळ्या वाजवायचे. टाळ्या झाल्या की ती घरी जायची आणि वर्षभर राबायची. घरात सासू होती, दगडाबाई. कान गेलेले, डोळे तेवढे शाबूत.

त्या सकाळी वच्छलाबाई ज्वारी उपणत होती. आमच्याकडं बाईनं वावडीवर चढू नये म्हणतात. तिपाईवर उभं राहून वाऱ्यात धान्य सोडायचं काम पुरुषाचं, बायांनी खालून पाट्या भरून द्यायच्या. पण हिच्या घरात पुरुष होता कुठं? ही वावडीवर उभी, हात डोक्यावर, पाटीतून ज्वारीची धार पडतेय, भूस वाऱ्यावर एका बाजूला सांडतंय, आणि उन्हानं सगळं पिवळंजर्द झालेलं. बर्सानसाहेब रस्त्यातच थांबला. त्यानं मास्तरांचा दंड धरला. "हीच," तो म्हणाला. "मी हिच्यासाठीच आलो या देशात. विचारा तिला."

मास्तरांच्या कपाळाची शीर उडाली. सहा वर्षांमागं, याच खळ्यावर, त्यांनी वच्छलाबाईला विचारलं होतं. ती तेव्हा म्हणाली होती, "इधवेचं काय चित्र काढता, भावजी? दुसरं काय मिळालं नाय व्हय?" आणि तोंड फिरवलं होतं. मास्तरांनी पुन्हा विचारलं नाही. आता त्यांना वाटलं, बरं झालं, हिनं यालाही एकदा झटकावं. ते पुढं झाले.

"वहिनी, हे साहेब तुमचं चित्र काढू म्हणतात."

ती वावडीवरून उतरली. पदरानं तोंड पुसलं. म्हातारी दगडाबाई बाभळीखाली डुलक्या देत होती. वच्छलाबाईनं एकदा तिच्याकडं बघितलं, एकदा साहेबाकडं. मग हळूच म्हणाली, "हे चित्र जाणार कुठं?"

"त्यांच्या मुलखात. लांब. इथं राहायचं नाही."

"कुणी वळखीचं बघणार नाय?"

"औरंगाबादला एक दिवस लावतील. मग पेटीत घालून नेतील."

ती जरा वेळ पायानं ज्वारी सारखी करत राहिली. मग खाली बघूनच बोलली.

"मग त्यायला एक इचारा, भावजी. मला कुंकू लावून काढतेल का? इथं नाय म्हणत मी. इथं कोण लावू दील? नुसतं चित्रात. म्होरं पेटीत घालायच्या आदी शेवटच्या दिवशी लावलं तरी चालंल, म्हणजे कुणाच्या नजरंला यायचं नाय. दहा वर्सं झाली, आरशात बघू वाटत नाय मला. तिकडं लांब कुठंतरी भितीवर तरी मी सवाष्ण राहीन. तिकडं मला कोण इचारतंय, नवरा हाय का मेला?"

मास्तरांना वाईट वाटलं. हेही खरं. पण त्याच्यामागोमाग दुसरं काहीतरी वर आलं. मला नाही सांगितलं! सांडूचा मी लंगोटीयार. लग्नात त्याचा करवला झालो, तो गेला तेव्हा खांदा दिला, पंधरा वर्षं या गावाची माती रंगवतोय, आणि हिनं मनातली गोष्ट सांगितली ती या तीन आठवड्यांच्या पाहुण्याला. माझं फक्त तोंड वापरायचं! निरोप्या मी!

आणि त्याच्याही खाली आणखी एक गोष्ट होती. ती मास्तरांनी स्वतःशीसुद्धा कबूल केली नसती, पण आपण कशाला झाकायची? कुंकू म्हणताक्षणी त्यांना चित्र दिसलं होतं. सगळं पिवळं, राखी लुगडं, धुरकट भूस, आणि त्या सगळ्याच्या मधोमध तो एवढासा लाल ठिपका. मास्तरांना जन्मात सुचलं नसतं असं चित्र. ते या माणसाला फुकटात मिळणार होतं, तेही मास्तरांच्याच तोंडून.

"काय म्हणते ती?" साहेबानं विचारलं.

"म्हणते, लवकर आटपा, तिला कामं आहेत," मास्तर इंग्रजीत म्हणाले.

साहेब मोठ्यानं हसला, जोरजोरात मान डोलावली आणि रंगांची पेटी उघडायला लागला.

"काय म्हणले?" वच्छलाबाईनं विचारलं.

"हो म्हणाले."

तिनं मास्तरांकडं क्षणभर बघितलं, पाटी भरली आणि वावडीवर चढली.

त्या दिवसापासून रोज सकाळी वारं सुटलं की चित्र चालायचं. खरं तर तिची उपणणी चार दिवसांत आटोपली. पण ती रोज यायची, तीच ज्वारी पुन्हा पाटीत भरायची आणि तासभर हात वर धरून उभी राहायची. दगडाबाई म्हणायची, "अगं, ज्वारी हाय का लाही? किती उपणशील?" वच्छलाबाई पुन्हा पाटी भरायची. मास्तर बाभळीखाली बसायचे, मधूनमधून "जरा डावीकडं", "हात खाली घ्या" एवढं मराठीत करून सांगायचे. बाकीचा वेळ नुसता चित्राकडं बघायचे. चित्र दिवसेंदिवस चढत होतं आणि मास्तर उतरत होते.

चौथ्या दिवशी एक गंमत झाली. गंमत म्हणायची खरी, पण मास्तरांच्या पायाखालची वाळू सरकली. मधल्या सुट्टीत साहेब पाणी पीत होता, तेव्हा वच्छलाबाई त्याच्यापुढं येऊन उभी राहिली आणि तिनं बोटानं आपल्या कपाळाच्या मधोमध टेकवून दाखवलं. एकदा, दोनदा. साहेब बुचकळ्यात पडला. त्यानं मास्तरांकडं बघितलं.

"ऊन लागलंय म्हणते. डोकं दुखतंय," मास्तर म्हणाले. कुणी विचार करायला वेळ दिला असता तर कदाचित वेगळं बोलले असते. पण एकदा खोटं बोललेल्या माणसाला दुसरं खोटं तयारच सापडतं.

साहेबाचा जीव हळहळला. त्यानं पिशवीतून डोकेदुखीच्या दोन गोळ्या काढून तिच्या हातावर ठेवल्या, वर स्वतःची टोपी काढून देऊ लागला. वच्छलाबाईनं गोळ्यांकडं बघितलं. मग मास्तरांकडं. गोळ्या पदराच्या टोकाला बांधल्या आणि वावडीवर जाऊन उभी राहिली.

त्या रात्री मास्तरांनी ठरवलं, उद्या सांगून टाकू. साहेबाला म्हणू, विसरलो होतो. एका वाक्याचं काम आहे. सकाळी ते उठले, खळ्यावर गेले. साहेबानं आदल्या दिवशी तिचे हात रंगवले होते. त्या मनगटांत दहा वर्षांचं राबणं होतं, आणि ऐट पण होती. मास्तर त्या मनगटांकडं बघत उभे राहिले आणि त्यांचा निश्चय विरघळला. हे हात काढायला याला मी काही मदत केली नव्हती, मग कपाळापुरती तरी का करावी?

नवव्या दिवशी तर देवानं ताट वाढून पुढं ठेवलं. साहेब चित्रापासून दहा पावलं मागं गेला, मिशा चावल्या, पुन्हा पुढं आला, पुन्हा मागं गेला. "काहीतरी कमी आहे," तो म्हणाला. "सगळं आहे आणि काहीतरी नाही. तुम्ही सांगा. तुमचा डोळा चांगला आहे." मास्तर अंगावरचं भूस झटकू लागले. मग साहेबानं आपणहून लाल रंगाची ट्यूब उचलली. "तुमच्या बायकांच्या कपाळावर लाल खूण असते. हिच्या का नाही? इथं," त्यानं ब्रश चित्रातल्या कपाळासमोर हवेत धरला, "इथं एवढासा लाल दिला तर? सगळं चित्र जागं होईल. चालेल?"

खळ्यावर वच्छलाबाई उभी होती. तिला इंग्रजी कळत नव्हतं. पण लाल रंग लावलेला ब्रश तर कुणालाही दिसतो. तिचे वर धरलेले हात खाली आले.

मास्तरांनी फक्त "चालेल, पण शेवटच्या दिवशी लावा" म्हणायचं होतं. त्या बाईला तेच हवं होतं, त्या चित्राला तेच हवं होतं, काढणाऱ्याला तेच हवं होतं. आड उभा होता तो एकटा दुभाष्या.

"नाही," मास्तर म्हणाले. "ती विधवा आहे. आमच्याकडं हा फार मोठा अपमान होतो. गाव खवळेल. कलेक्टरसाहेबांपर्यंत जाईल."

आणि ही गोष्ट खोटीही नव्हती, बघा! चारचौघांना विचारलं असतं तर चौघांनी मास्तरांचीच पाठ थोपटली असती. रीतीच्या आडून मारलेला दगड कुणाला दिसत नाही. साहेब ओशाळला. त्यानं घाईघाईनं ब्रश पुसला आणि वच्छलाबाईकडं वळून हात जोडले, जणू काही तो चुकून तिच्या देवघरात जोड्यानं शिरला होता. तिनं हात पुन्हा वर धरले.

बाराव्या दिवशी चित्र पुरं झालं. ओलं होतं, म्हणून कुणाला दाखवलं नाही. वच्छलाबाईनंही बघायला मागितलं नाही.

सव्वीस जानेवारीला औरंगाबादेत एका कॉलेजच्या हॉलमध्ये साहेबाची चित्रं लागली. देवगावहून लोक एसटी भरभरून आले. कडूबा आपल्या बैलांपुढं उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "डावीकडचा खोंड हाय, घरच्या गाईचा." कलेक्टरसाहेबांनी भाषण केलं. सगळ्यांत पुढं उपणणारी होती. लोक तिच्यापुढं येऊन थबकायचे. मास्तर कोपऱ्यात उभे राहून ती गर्दी बघत होते. त्यांच्या मनात सारखं येत होतं, पूर्ण नाही ते. तुम्हाला कुणाला माहीत नाही, पण पूर्ण नाही. या एका गोष्टीवर त्यांनी तो सबंध दिवस काढला.

दगडाबाई चित्राला नाक लावून म्हणाली, "अगं बया! ही तर आमची वच्छीच की! हाय तशी!" बहिऱ्या माणसाचा आवाज, सगळ्या हॉलला ऐकू गेला. लोक हसले. वच्छलाबाई सासूच्या मागं उभी होती. तिनं चित्राकडं फार वेळ बघितलं नाही. साहेबाला नमस्कार केला आणि मास्तरांना म्हणाली, "त्यायला सांगा भावजी, लई मेहनत घेतली."

मास्तरांनी हे वाक्य अगदी शब्दाला शब्द करून सांगितलं.

चौथ्या दिवशी साहेब दिल्लीला गेला. स्टेशनवर त्यानं मास्तरांना मिठी मारली आणि उरलेल्या सगळ्या ट्यूबा त्यांच्या हवाली केल्या. "त्या चित्रात काय राहिलं ते मला अजून कळलं नाही," गाडी सुटता सुटता तो म्हणाला. मास्तरांनी घरी येऊन ट्यूबा बघितल्या. बाकीच्या पिळून पिळून चपट्या झाल्या होत्या. लाल तेवढी भरलेली होती.

आता मास्तरांना आनंद व्हायला हवा होता. पाहुणा गेला, गाव पुन्हा त्यांचं झालं. पण दोन रविवार ते गेलेच नाहीत. उमा म्हणाली, "काय हो, साहेबाबरोबर तुमचे पण रंग गेले का?" तिसऱ्या रविवारी ते उठले. त्यांनी मनाशी एक बेत केला होता आणि त्या बेतात पश्चात्ताप किती आणि लोभ किती, हे त्यांनाही धड सांगता आलं नसतं. वच्छलाबाईचं चित्र आता आपण काढायचं. कुंकू लावून. तिची इच्छा पुरी होईल, आणि जे त्या मोठ्या माणसाला जमलं नाही ते आपल्या हातून होईल. एसटीत बसल्या बसल्या त्यांना तो लाल ठिपका दिसत होता.

वच्छलाबाई खळ्यावर तुरी झोडपत होती. मास्तरांना बघून तिनं काठी बाजूला ठेवली. "बसा, भावजी. पाणी आणू?"

"नको." ते दगडावर बसले. "वहिनी, मी तुमचं चित्र काढतो. तुम्ही म्हणाला होता तसं. कुंकवासकट."

तिनं पदर सारखा केला. "आन् ते ठिवतेल कुठं?"

"माझ्या घरी. औरंगाबादला."

"औरंगाबाद काय लांब हाय? परवा अर्दं गाव जाऊन आलं." ती हसली. "तुमी इथले, भावजी. तुमच्या घरी उमावैनी हायेत, येणारं-जाणारं हाय. एक म्हणंल, ही सांडूची इधवा, कुंकू लावून कशी? दुसरं म्हणंल, कुणाच्या नावाचं? आन् म्हातारीच्या कानावर गेलं तर ती अन्न सोडील. तवा सहा वर्सांमागं तुमी इचारलं, तवाच माह्या मनात आलं व्हतं. पण म्हणलं, भावजींच्या माथी कशाला हे घालायचं? लोक तुमाला बी सोडणार नायत. म्हणून तोंड फिरवलं."

मुंगळ्यांची एक रांग तुरीच्या शेंगेभोवती वळसा घालून चालली होती.

"मी त्यांना सांगितलं होतं, वहिनी," ते म्हणाले. एवढं झाल्यावरही जीभ त्याच वाटेनं गेली. "तेव्हाच सांगितलं होतं. हो पण म्हणाले होते. पण मोठी माणसं ती, त्यांच्या मनात काय आलं—"

"नाय सांगितलं तुमी."

ती रागानं बोलली नाही. भाकरी झाली म्हणून सांगावं तसं बोलली.

"तुमी त्यायला काय म्हणलात ते मला कळलं नाय. पण बाई कुंकू मागती म्हणल्यावर कसला बी मानूस आसू द्या, कुठल्या बी मुलखाचा आसू द्या, निदान तिच्या कपाळाकडं तरी बघंल का नाय? त्यानं बघितलंच नाय. हसला आन् पेटी उघडाया लागला. मला तवाच समजलं. म्होरं त्यानं लाल रंग घेतला, तुमी काय तरी बोलला आन् त्यानं तो पुसला. ते बी बघितलं मी."

शेवटी मास्तर म्हणाले, "तेव्हाच समजलं होतं, तर मग उभ्या राहिलात कशाला? बारा दिवस? ज्वारी तर कधीच संपली होती."

वच्छलाबाईनं झोडपायची काठी पुन्हा हातात घेतली.

"साहेब तर परका, भावजी. त्याच्यासाठी कोण बारा दिवस हात वर करून उभं ऱ्हातंय? मी तुमच्यासाठी ऱ्हायले. म्हणलं, सांडूचे दोस्त हायेत. आज नाय तर उद्या सांगतेल."